क्लिनिकल सायकॉलॉजी: एम.फिल.ची शेवटची बॅच आणि घरचा बी.एड.चा आग्रह

कांडीवाली
१० जानेवारी २०२५, रात्री ११.४०

नमस्कार. दोन वर्षं या मंचावर नुसती वाचत होते, लिहितेय आज पहिल्यांदा.

मी सोलापुरात मानसशास्त्र घेऊन एम.ए. करते. दुसरं वर्ष चालू आहे, आतापर्यंतची सरासरी ५८ टक्के. वडील अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग दुरुस्त ठेवतात, आई घरी विड्या वळते. घरात आम्ही तेलुगू बोलतो, शाळा मराठी माध्यमाची, आणि गल्लीत कानडी ऐकत वाढले.

मला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचंय. हे कुठून डोक्यात आलं ते सांगते. मी नववीत असताना माझी आत्या बाळंतपणानंतर बोलायचीच बंद झाली. बाळाला जवळ घेईना. सात-आठ महिने दोरे, अंगारे, उतारे झाले, मग कुणीतरी सरकारी दवाखान्यात न्यायला सांगितलं. तिथं डॉक्टरांनी औषध दिलं, आणि एक मॅडम दर आठवड्याला तिच्यापाशी तासभर बसायला लागल्या. त्यांना तेलुगू येत नव्हतं. आत्याला मराठी समजायचं, पण मनातलं बोलायला पुरायचं नाही. म्हणून मधे मी बसायचे. तिसऱ्या की चौथ्या वेळी मॅडमनी माझ्याकडून चार तेलुगू वाक्यं देवनागरीत लिहून घेतली आणि पुढच्या आठवड्यात ती पाठ करून आल्या. आत्या त्या दिवशी पहिल्यांदा रडली. तेव्हापासून ठरवलंय.

आता सगळीकडून वेगवेगळं ऐकतेय. सर म्हणतात एम.फिल. बंद झालं. मैत्रीण म्हणते अजून एक बॅच आहे. कुणी म्हणतं परत नव्यानं एम.ए. करावं लागेल. वडील म्हणतात, "इतकं शिकून काय करलालीस पोरी, बी.एड. कर, शाळेत लागशील." त्यांचंही चुकत नाही, धाकटा भाऊ अजून अकरावीत आहे. नक्की काय करावं लागतं, किती वर्षं, किती पैसे, आणि शेवटी सोलापुरात काम मिळतं का, हे कुणी नीट सांगाल का?

रेल्वेलाईन्स
११ जानेवारी, सकाळी ७.१५

स्वागत आहे. मी शाळेत समुपदेशक आहे, क्लिनिकल नाही, त्यामुळे तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर भुईकोटताईंनी द्यावं, त्या याच वाटेनं गेल्यात. त्यांना निरोप टाकलाय. माझी गोष्ट नंतर लिहिते, ती थोडी वेगळी आहे.

भुईकोट
११ जानेवारी, रात्री १०.०५

कांडीवाली, आधी तुझ्या सरांचं आणि मैत्रिणीचं भांडण मिटवते. दोघांचंही अर्धं बरोबर आहे.

नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. ही पदवीच काढून टाकली. डिसेंबर २०२३ मध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, विद्यापीठांना बजावलं की एम.फिल.ला प्रवेश देऊ नका. तुझे सर बहुधा तेच सांगतायत. पण पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२४ मध्ये, यूजीसीनं क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोनच विषयांना २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत सवलत दिली. म्हणजे तू यंदा एम.ए. होऊन बाहेर पडशील तेव्हा जे प्रवेश होतील, तीच जाहीर झालेली शेवटची बॅच. तुझ्या हातात एकच संधी आहे असं समजून तयारीला लाग.

हा विषय इतका अडून का बसतो ते समजून घे. आपल्याकडं नुसत्या एम.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, ही १९९२ च्या कायद्यानं आलेली संस्था. तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव लागलं, नोंदणी क्रमांक मिळाला, की तू क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातली व्याख्याही त्याच नोंदणीला बांधलेली आहे: आरसीआयची मान्यता असलेल्या संस्थेतलं शिक्षण, किंवा मानसशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीवर पूर्णवेळ दोन वर्षांचं एम.फिल., ज्यात देखरेखीखाली रुग्णांबरोबर काम झालेलं आहे. त्यातले 'पूर्णवेळ' आणि 'देखरेखीखाली' हे दोन शब्द अधोरेखित करून ठेव. सगळं त्यातच आहे.

प्रवेशासाठी एम.ए.ला किमान ५५ टक्के लागतात, एससी, एसटी, ओबीसींना ५०. मग लेखी परीक्षा आणि मुलाखत. शिकवणाऱ्या सरकारी संस्था म्हणजे बेंगळुरूचं निमहान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था आणि तिच्या शेजारचं रिनपास, दिल्लीचं इहबास, आसामात तेजपूरची संस्था. आपल्या जवळ पुण्यात ससूनच्या आवारातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था. शिवाय खासगी विद्यापीठं आहेत. जागा सगळीकडं मोजक्याच, कारण एका शिक्षकाकडं किती विद्यार्थी घ्यायचे याला आरसीआयची मर्यादा आहे. ते बरंही आहे, पुढं सांगते का ते.

आज लगेच करायची कामं. आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी आहे, ती उघड आणि ज्या संस्थेत अर्ज करशील तिची मान्यता नेमकी याच वर्षासाठी आहे ना ते बघ. मान्यतेला मुदत असते. दुसरं, अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना बसू देतात का हे प्रत्येक माहितीपत्रकात वाच. काही संस्था देतात, पण रुजू होताना निकाल हातात लागतो. विद्यापीठाचा निकाल लांबला तर काय, हे आत्ताच विभागात जाऊन विचार. तिसरं, आरक्षणात बसत असशील तर केंद्राच्या संस्थांना केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. माझ्या बरोबरीच्या एका मुलीची निमहान्सची संधी त्या एका कागदापायी गेली होती.

बाकी उद्या. आज ओपीडी लांबली.

होटगीरोड
१२ जानेवारी, दुपारी २.३०

धागा वाचतोय. मनापासून विचारतो, राग मानू नका. माझ्या मेव्हण्यानं तीन महिन्यांचा ऑनलाइन समुपदेशनाचा कोर्स केला. आता तो विजापूर रोडला खोली घेऊन बसायचं म्हणतोय आणि पाटीवर 'सायकॉलॉजिस्ट' लिहायचं म्हणतोय. माणूस चांगला आहे, लोकांचं ऐकून घेतो. मग दोन वर्षं तिकडं रांचीच्या कांकेला जाऊन राहण्यानं नेमका फरक काय पडतो?

दोन_मुलांची_आई
१२ जानेवारी, रात्री ९.५०

@होटगीरोड, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण मी ते भोगलंय.

माझा मोठा मुलगा चौथीत असताना वाचायला अडखळायचा. 'घर'चं 'रघ' करायचा, फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळायचा. तोंडी विचारलं तर वर्गात पहिला. शाळेच्या ओळखीनं एका समुपदेशकाकडं गेलो. नाव सांगत नाही, सांगायचंही नाही. त्यांनी अर्ध्या तासात चित्रं काढून घेतली, चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, "बुद्धी कमी आहे, अपेक्षा ठेवू नका." एका कागदावर आकडाही लिहून दिला, ६८. तो कागद मी दीड वर्ष कपाटात साड्यांखाली लपवला. घरात कुणाला दाखवला नाही. त्या दीड वर्षात मी त्या लेकराशी कशी वागले ते आठवलं की झोप येत नाही.

मग एका बालरोगतज्ज्ञांनी पुण्याला पाठवलं. तिथल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टनी तीन वेगवेगळ्या दिवशी बोलावलं. पहिल्या दिवशी तर चाचणीच केली नाही, माझ्या गरोदरपणापासून सगळं विचारलं आणि त्याच्याशी नुसत्या गप्पा मारल्या. त्याला त्या दिवशी सर्दी होती, म्हणाल्या, "आज नको, नाक वाहत असताना आकडा खरा येत नाही." शेवटी बुद्ध्यांक निघाला ११२. अध्ययन अक्षमता होती, फक्त वाचन आणि लेखनाची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे, दहावी-बारावीला जादा वेळ मिळतो, हेही आम्हाला तिथंच कळलं.

आता तो आठवीत आहे. ६८ आणि ११२ मधला फरक म्हणजे ती दोन वर्षं, भाऊ.

होटगीरोड
१२ जानेवारी, रात्री १०.२०

वहिनी, वाचून गप्प बसलो. मेव्हण्याला हा धागा दाखवतो.

भुईकोट
१३ जानेवारी, रात्री ११.००

आज सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेचा अक्षता सोहळा, आणि मी पुण्यात बसून भावाच्या फोनवरून नंदीध्वज बघितले. असो.

वहिनींनी लिहिलंय त्याच्यापुढं माझं काय. तरी त्या सर्दीच्या वाक्यावर थांबते, कारण ते वाक्य पुस्तकात नसतं. ते सुपरव्हायझरनं कधीतरी आपला रिपोर्ट परत केलेला असतो तेव्हा अंगात मुरतं.

कांडीवाली, दोन वर्षांत काय होतं ते सांगते. पहिल्या वर्षी मनोविकृती, संख्याशास्त्र, मनोरुग्णशास्त्र, आणि खरा भर मूल्यमापनावर. दुसऱ्या वर्षी मेंदू आणि वर्तन, मानसोपचार, शारीरिक आजारांमधलं मानसशास्त्र, आणि एक संशोधन प्रबंध. पहिल्या वर्षाअखेर पाच संपूर्ण मनोनिदान अहवाल सादर करायचे, दुसऱ्या वर्षी पाच उपचारांच्या सविस्तर नोंदी. पाच म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटलं होतं. माझा पहिला अहवाल सहा वेळा परत आला. मी लिहिलं होतं, 'रुग्ण संशयी स्वभावाचा आहे.' सरांनी लाल शाईत विचारलं, 'कुणी सांगितलं? तो काय म्हणाला? त्याची बायको काय म्हणाली? तू डोळ्यांनी काय पाहिलंस? चारही वेगळं लिही.' त्यासाठी मी परत वॉर्डात गेले, त्याच्या बायकोशी बोलले, आणि कळलं की त्याचा भाऊ खरंच जमीन बळकावत होता. तो संशय नव्हता, ती बातमी होती. आजार दुसरीकडं होता.

एका शिक्षकाकडं मोजके विद्यार्थी हवेत ते याचसाठी. तीस जणांच्या वर्गात कुणी कुणाचा अहवाल सहा वेळा वाचत नाही.

दिवस साधारण असा. सकाळी वॉर्डात फेरी, मग ओपीडीत नवीन रुग्णाची केस हिस्टरी. एकेकाला दीड-दोन तास लागतात. ती मानसोपचारतज्ज्ञांपुढं मांडायची, ते प्रश्न विचारतात, आपल्याला उत्तर येत नाही, परत जाऊन विचारायचं. दुपारी चाचण्या किंवा उपचारांची सत्रं. संध्याकाळी सुपरव्हिजन. रात्री लिहीत बसायचं. पाळीपाळीनं मुलांचा विभाग, व्यसनमुक्ती, मेंदूविकार, कुटुंबाबरोबरचं काम असं सगळीकडं फिरवतात. औषध लिहायचा अधिकार आपल्याला नाही, तो एमबीबीएसवर एम.डी. केलेल्या मानसोपचारतज्ज्ञांचा. पण औषधांची नावं, त्यांचे परिणाम माहीत लागतात. तोंडाला कोरड पडलेला, हात थरथरणारा माणूस समोर बसतो तेव्हा ते आजारामुळं की गोळीमुळं, हा विचार मनात यायला हवा.

आणि तुझ्या आत्याची गोष्ट. मॅडमनी वाक्यं पाठ केली हे वाचून मला भरून आलं. पण प्रशिक्षण सुरू झालं की तुला हेही शिकवतील की नववीतल्या भाचीला दुभाषी म्हणून बसवणं योग्य नव्हतं. आत्या तुझ्यादेखत काही गोष्टी बोलूच शकली नसेल. आणि जे बोलली ते त्या वयात तुला पेलायला लागलं. त्यांच्यापुढं दुसरा इलाज नसेल, दोष देत नाही. तुझ्यासारखी तेलुगू बोलणारी कुणी तिथं खुर्चीत असती तर तो प्रश्नच आला नसता.

डॉ_रातपाळी
१४ जानेवारी, पहाटे १.३०

मी मानसोपचारतज्ज्ञ. जिल्ह्यात काम करतो, कुठं ते लिहीत नाही.

शेवटच्या प्रश्नाबद्दल, म्हणजे सोलापुरात काम मिळतं का. काम? ओपीडीत मला एका रुग्णाला सात-आठ मिनिटं मिळतात. मंत्रचळाच्या, म्हणजे ओसीडीच्या, रुग्णाला गोळी मी देतो, पण त्याला वर्तनोपचाराची जोड हवी असते आणि तो द्यायला माझ्या शेजारच्या खोलीत कुणी नाही. मी कागदावर 'पुणे' लिहितो. करमाळ्याचा शेतमजूर दर आठवड्याला पुण्याला जाईल का? तो जात नाही. गोळी घेतो, अर्धा बरा होतो, आणि अर्ध्यावर आयुष्य काढतो.

निमहान्सनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण चित्र आपल्यापेक्षा फार वेगळं असायचं कारण नाही. प्रौढांमध्ये १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि बहुतेक आजारांत उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या वर.

नोकऱ्यांचं विचारशील तर सरकारी रस्ता म्हणजे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. १९९६ पासून चालू आहे, मूळ नमुना कर्नाटकातल्या बळ्ळारीचा. प्रत्येक जिल्ह्याच्या पथकात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद धरलेलं असतं. बहुतेक कंत्राटी. पद असतं, माणूस मिळत नाही, कारण नोंदणी असलेली मुलं पुण्या-मुंबईतून परत येत नाहीत. त्यांनाही दोष देऊ नये, कंत्राटी पगारात लग्न-घर कसं करायचं. बाकी वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोरुग्ण विभाग, खासगी रुग्णालयं, व्यसनमुक्ती केंद्रं, दिव्यांगांच्या शाळा आणि स्वतःची प्रॅक्टिस. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथं प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, तिथंही पदं असतात.

माझ्यापुरतं सांगतो. तू नोंदणी घेऊन आलीस तर माझ्या दवाखान्यात एक खोली रिकामी आहे. भाडं नको.

कांडीवाली
१५ जानेवारी, रात्री १०.३०

यात्रेमुळं दोन दिवस घरात पाहुणे होते, आज शांतपणे सगळं वाचलं. डॉक्टर, तुमचं शेवटचं वाक्य आईला तेलुगूत सांगितलं. ती विड्यांचं सूप बाजूला ठेवून ऐकत होती. काही बोलली नाही.

ताई, आत्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. एक गोष्ट तिनं त्या खोलीत सांगितली होती, बाळाबद्दल, ती मी आजवर कुणाला बोलले नाही. तेव्हा मला ताप आला होता. आज पहिल्यांदा कळलं की ते ओझं होतं.

तेलुगू-मराठीचा खरंच इतका उपयोग होतो का? कॉलेजात तर इंग्रजी कच्चं म्हणून मागंच पडते. आणि पैशाचं अजून कुणी बोललं नाही.

भुईकोट
१५ जानेवारी, रात्री ११.५५

ते ओझं तिथंच नीट उतरवायला हवं, इथं नको. प्रशिक्षणात स्वतःच्या अशा गोष्टींवर बोलायला जागा मिळते, ती घे. तोवर कधी रात्री जड गेलं तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला फोन कर, फुकट आहे, मराठीत बोलतात. हे तुला रुग्ण समजून सांगत नाही. मीही तिथं फोन केलेला आहे.

भाषेचा उपयोग. बारा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडं आला होता. तपशील बदलून लिहितेय. सोलापूरकडचाच, घरी तेलुगू, शाळा मराठी. शाळेनं 'मतिमंद' म्हणून पाठवलेला. मिसिक नावाची चाचणी आहे, नागपूरच्या डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेली. तिच्यात शाब्दिक आणि कृतीच्या अशा दोन्ही भागांच्या उपचाचण्या असतात. शाब्दिक भागात हा मुलगा फार खाली, कृतीच्या भागात चांगला वर. दोन बाजूंत एवढी दरी पडली की थांबून विचार करायचा असतो. मग भाटियांची कृतिचाचणी घेतली, ठोकळे आणि आकृत्यांची, तिथं बोलण्याचं काम फारच थोडं. मुलगा सर्वसाधारण निघाला, थोडा वरच. त्याला मी विचारलं, भांडताना कुठल्या भाषेत शिव्या देतोस? म्हणाला, तेलुगू. मोजताना? तेलुगू. मग 'साम्य सांग' असा प्रश्न मराठीत विचारून मी त्याची बुद्धी मोजत होते की मराठी?

आपल्या भागाला याचा जुना वारसा आहे हे फार जणांना माहीत नसतं. मानसशास्त्रज्ञ व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकात फ्रान्सच्या बिनेची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. दोन भाषांची मुलं एकाच अंगणात खेळणारा हा प्रदेश, त्याच्या कामाचीच चाचणी होती ती. बिने-कामत अजूनही आपल्याकडं वापरतात. इंग्रजी ग्रंथ वाचायला लागेल तेवढं इंग्रजी सहा महिन्यांत येतं, मलाही तसंच आलं. तीन भाषांतलं दुःख ऐकायला येणं सहा महिन्यांत येत नाही.

पैसे. सरकारी संस्थांची फी परवडणारी असते आणि काही ठिकाणी स्टायपेंड मिळतो, निमहान्समध्ये मिळतो. माझं दोन वर्षांचं खाणं-राहणं त्यातच भागलं, घरून फक्त सुरुवातीचे पैसे घेतले. खासगी विद्यापीठात मात्र दोन वर्षांचे काही लाख जातात. वडिलांना कर्ज काढायला लावू नकोस असं मी स्पष्ट सांगेन. पहिल्या नोकरीत माझ्या हातात २६ हजार यायचे, पुण्यात, आठ वर्षांपूर्वी. तिसऱ्या वर्षापासून बरं चाललं. आता चांगलं चाललंय. म्हणजे या कामात पैसा येतो, पण बी.एड.वाल्या मैत्रिणींपेक्षा चार-पाच वर्षं उशिरा येतो. घरी बोलताना हे लपवू नकोस.

रेल्वेलाईन्स
१६ जानेवारी, सायंकाळी ६.४०

आता माझी गोष्ट. मी दोन वेळा प्रवेश परीक्षा दिली. पहिल्यांदा लेखीतच गेले. दुसऱ्यांदा मुलाखतीपर्यंत पोचले, तिथं विचारलं, "तुम्ही कधी मनोरुग्ण बघितलाय का?" मी म्हणाले, पुस्तकात. त्या खोलीतली शांतता अजून आठवते.

म्हणून तुला सांगते, जूनची वाट बघू नकोस. आत्ता, अभ्यास करता करता, आठवड्याला एक दिवस कुठंतरी जाऊन बस. व्यसनमुक्ती केंद्र, दिव्यांग मुलांची शाळा, वृद्धाश्रम. नुसतं बस, मदत कर, संध्याकाळी वहीत लिही. अभ्यासाचं म्हणशील तर मनोविकृती, संख्याशास्त्र, संशोधनपद्धती आणि चाचण्या. संख्याशास्त्र टाळू नकोस, मी तिथंच मार खाल्ला. आणि आजारांचं वर्गीकरण दोन्ही पद्धतींनी वाच, आयसीडी आणि डीएसएम.

यंदा नाहीच झालं तर? दारं आहेत. आरसीआयनं क्लिनिकल सायकॉलॉजीचं स्वतःचं दोन वर्षांचं एम.ए. आणलंय, बारावीनंतरचं चार वर्षांचं बी.एस्सी.ही आणलंय. तुझ्यासाठी याचा अर्थ एम.ए. पुन्हा, म्हणून लोक तसं म्हणतात. एम.ए.नंतर चार वर्षांची साय.डी., म्हणजे डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी, आहे, मोजक्याच ठिकाणी. एक वर्षाचा प्रोफेशनल डिप्लोमा असायचा, त्याची नोंदणी 'असोसिएट', म्हणजे सहयोगी, म्हणून होते. तिथं यंदा प्रवेश आहेत का ते त्या संस्थेलाच विचार.

आणि माझ्यासारखी वाटही आहे. मी समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम केला आणि शाळेत लागले. आमच्यासारख्यांसाठी २०२१ मध्ये सहयोगी आरोग्य व्यावसायिकांचा वेगळा कायदा आलाय. मी निदान करत नाही, बुद्ध्यांकाचे दाखले देत नाही. मूल कोमेजलंय हे सगळ्यांत आधी मला दिसतं, आणि पुढं कुणाकडं पाठवायचं ते मला कळतं. या कामाचं मला समाधान आहे, हे मनापासून लिहितेय. पण तुला क्लिनिकल व्हायचंय तर आधी त्या दारावर जोरानं थाप मार.

निवृत्त_गुरुजी
१७ जानेवारी, सकाळी ८.००

चिरंजीव कांडीवाली, आशीर्वाद. मी चौतीस वर्षं महानगरपालिकेच्या शाळेत होतो. सोलापूरच्या पूर्वभागातलीच, विणकरांच्या वस्तीतली मुलं शिकवली.

तुझ्या वडिलांशी मी बोलू का? जॉबर माणसाला एक गोष्ट पटकन कळेल. माग बिघडला तर कापडाला दोष देत नाहीत, आधी ताण बघतात, धागा बघतात, कांडी बघतात. आवाजावरून बिघाड ओळखणारे कारागीर मी पाहिलेत, आणि ते काही तीन महिन्यांत तयार झालेले नव्हते. उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं उभे राहिले. मुलगी तेच करायला निघालीय, माणसांच्या बाबतीत. त्यांना असं सांगितलं तर ते ऐकतील असं मला वाटतं. नंबर निरोपात पाठव, रविवारी येतो.

माझ्या शाळेत एक मुलगा होता. सातवीत. बोलायचा नाही, मी त्याला आळशी समजत होतो. एवढंच लिहितो. त्या वेळी शाळेत कुणी कळणारं असतं तर.

भुईकोट
१७ जानेवारी, रात्री १०.४५

गुरुजी, तुमचं वाचून हात जोडले.

कांडीवाली, उपचाराबद्दल अजून काहीच लिहिलं नाही, तेवढं लिहिते. दुसऱ्या वर्षी माझ्याकडं एक बाई होत्या. दिवसाला साबणाची वडी संपायची, हातांची सालं निघालेली. मंत्रचळाच्या उपचारात जी भीती वाटते तिच्याजवळ हळूहळू जायचं आणि धुवायचं नाही, असं पायरीपायरीनं करतात. पायऱ्या त्यांनीच ठरवायच्या असतात, आपण ढकलायचं नाही. त्यांची पहिली पायरी होती दाराच्या कडीला बोट लावणं. मी आधी लावलं, मग त्यांनी. मग आम्ही दोघी नळाशेजारी बसून राहिलो. त्या थरथरत होत्या, मला म्हणत होत्या, "पोरी, एकदा धुऊ दे." माझ्या पोटात कालवत होतं. नळ सोडून द्यावा असं दहा वेळा मनात आलं. तो सोडला असता तर मला बरं वाटलं असतं, त्यांना नाही. चाळीस मिनिटांनी त्यांचा श्वास हळू झाला आणि त्या स्वतःहून म्हणाल्या, "उतरली." भीती चढते तशी उतरते, हे त्यांच्या अंगाला त्या दिवशी कळलं. चार महिन्यांनी त्यांनी घरी भाकरी थापली. परत न धुता, त्याच हातांनी.

त्या चाळीस मिनिटांत काचेपलीकडं माझे सर उभे होते. बाईंना ते आधी सांगून, त्यांची परवानगी घेऊनच. ते नसते तर मी नळ सोडला असता.

कांडीवाली
२० जानेवारी, रात्री ९.१५

गुरुजी काल घरी येऊन गेले. वडिलांशी दोन तास बोलले, त्यातला दीड तास मागाबद्दल. जाताना वडील गुरुजींना सोडायला अशोक चौकापर्यंत गेले. आल्यावर मला फक्त एवढंच विचारलं, "रांचीला सोलापुरातनं गाडी कुठली?"

केंद्राच्या दाखल्यासाठी सेतूत अर्ज दिलाय. विभागात निकालाचं विचारलं, सरांनी पत्र देतो म्हणून सांगितलं, आणि यूजीसीची ती जानेवारी २०२४ ची सूचना त्यांना दाखवली तेव्हा त्यांनी वर्गात सगळ्यांना वाचून दाखवली. आमच्यातल्या आणखी दोघी अर्ज करणार आहेत. शनिवारपासून दिव्यांग मुलांच्या शाळेत जायला लागले. पहिल्या दिवशी एका मुलानं माझा हात तासभर सोडला नाही.

अर्ज पुणे, रांची आणि बेंगळुरू असे तीन ठिकाणी करायचं ठरवलंय. ताई, गाडीचं सांगा.

भुईकोट
२० जानेवारी, रात्री ९.४०

थेट नाही. पुण्याहून हटियाला गाडी आहे, हटिया म्हणजे रांचीच्या अंगणातच. बर्थ लवकर काढ. आईला कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधायला सांग, पहिल्या महिन्यात मेसच्या जेवणाची सवय होत नाही. परीक्षेची तारीख आली की इथं टाक, मी आदल्या आठवड्यात संख्याशास्त्राला रोज एक तास देते. त्या दोघींनाही घेऊन ये.